पाच रेघांचं दुकान

हार्मोनियम, तबला, गिटार विकणारं दुकान पिढ्यान् पिढ्या चालतं यात नवल नाही. तार तुटते, पुडी फाटते, भाता गळायला लागतो आणि गिऱ्हाईक परत येतं. पण पाच आडव्या रेघांवर काळे ठिपके छापलेला कागद विकणारं दुकान मुंबईत दीडशेहून अधिक वर्षं टिकतं, याचं कारण शोधावं लागतं, कारण या शहरातल्या बहुतेकांना तो कागद वाचता येत नाही. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिथे १९०४ सालापासूनचं कयानीचं इराणी हॉटेल आहे, वरच्या मजल्यांवर गोव्यातल्या गावागावांचे ‘कूड’, म्हणजे गावकऱ्यांनी मुंबईत उतरायच्या जागा, आहेत आणि खाली फुर्टाडोंचं संगीताचं दुकान आहे. या व्यवसायाची सुरुवात १८६५ची. त्याच साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या शेअरबाजारात भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं. धंदा काढायला याहून वाईट वर्ष सापडलं नसतं. तरी धंदा राहिला. ‘बी. एक्स. फुर्टाडो अँड सन्स’ आणि ‘एल. एम. फुर्टाडो अँड कंपनी’ या दोन पाट्या काळबादेवी-धोबीतलावच्या भूगोलाचा भाग झाल्या, पुढे मालकी गोम्स कुटुंबाकडे गेली, गोव्यातही दुकानं निघाली. हे सगळं मालकांच्या चिकाटीचं फळ आहे असं म्हणून मोकळं होता येईल, पण चिकाटी बुडालेल्या दुकानदारांकडेही असते. माझ्या मते या दुकानाचा इतिहास हा मुळात त्याच्या वाचकांचा इतिहास आहे. पाच रेघांची लिपी वाचणारी माणसं या शहरात कुठून आली, कशासाठी आली आणि एक पिढी सरल्यावर तिच्या जागी दुसरी कोण आली, हे पाहिल्याशिवाय त्या काउंटरचा हिशेब लागत नाही.

आधी हा माल म्हणजे काय ते पाहू. एखाद्याने दुकानात येऊन बेटोव्हनचा ‘मूनलाइट सोनाटा’ मागितला, तर काउंटरवरच्या माणसाच्या डोक्यात तीन प्रश्न उभे राहतात. हे नाव बेटोव्हनने दिलेलं नाही, लोकांनी नंतर ठेवलं. कपाटात ती रचना ओपस २७, क्रमांक २ म्हणून सापडते. गिऱ्हाइकाला संपूर्ण सोनाटा हवा आहे की सगळ्यांच्या कानावर असलेला पहिलाच भाग? मूळ बरहुकूम हवा की शिकणाऱ्यांसाठी सोपा करून लिहिलेला? आणि मूळच हवा असेल तर कोणत्या प्रकाशकाचा? जर्मनीतल्या हेन्ले या प्रकाशनाने १९४८ पासून निळसर-करड्या वेष्टनाच्या प्रती काढल्या. त्यात संगीतकाराच्या हस्तलिखिताशी ताडून पाहिलेला पाठ असतो, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरीची चिकित्सक आवृत्ती असते तसा काहीसा प्रकार. उलट कित्येक जुन्या आवृत्त्यांमध्ये संपादकाने, बहुधा एखाद्या नावाजलेल्या वादकाने, स्वतःच्या मनाने जोर कुठे द्यायचा, बोटं कशी टाकायची याच्या खुणा भरून ठेवलेल्या असतात. दिसायला दोन्ही कागद सारखेच, पण एक घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला शिक्षक शाबासकी देतील आणि दुसरा घेऊन गेलेल्याला परत पाठवतील. त्यात भर म्हणजे जुन्या प्रतींवर छपाईचं सालही सहसा नसतं. ताजा माल शिळा दिसू नये म्हणून प्रकाशक ते गाळत. त्याऐवजी पानाच्या तळाशी छपाईच्या पत्र्याचा क्रमांक असे आणि जाणकार त्यावरून साल काढत. म्हणजे या धंद्यात कागदाइतकीच तो ओळखणाऱ्याची माहितीही विकली जाते, तिची पावती मात्र फाडता येत नाही.

ही विद्या युरोपात हळूहळू साठत गेली. व्हेनिसमध्ये पेत्रुचीने १५०१ साली हलत्या खिळ्यांनी अनेक गळ्यांसाठीच्या रचनांचा पहिला संग्रह छापला. नंतर मऊ धातूच्या पत्र्यावर ठशांनी स्वर उलटे ठोकून छापण्याची पद्धत रुळली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस झेनेफेल्डरने शिळाछाप शोधला, तोही पहिल्यांदा संगीत छापायलाच उपयोगी पडला. आपल्याकडे पोथ्या आणि देवादिकांची चित्रं ज्या शिळाछापाने घरोघरी पोचवली, त्याची ही पूर्वपीठिका फारशी कुणाला ठाऊक नसते. कागद स्वस्त झाला, मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात पियानो आला आणि गल्लोगल्ली संगीताच्या कागदाची दुकानं निघाली. अमेरिकेत तर दुकानदार काउंटरवर पियानोवादकच बसवत. गिऱ्हाइकाने कागद उचलायचा, त्याने तो वाजवून दाखवायचा, आवडला तर पैसे टाकायचे. जॉर्ज गर्श्विन १९१४ साली, पंधराव्या वर्षी शाळा सोडून रेमिक या प्रकाशकाकडे असाच दिवसभर दुसऱ्यांची गाणी वाजवायला लागला होता. ग्रामोफोन आणि रेडिओ येण्याआधी गाणं घरी न्यायचं तर ते कागदावरच न्यावं लागे आणि घरात वाचणारं कुणीतरी असावं लागे, बहुतेक वेळा घरातली मुलगी.

मुंबईत १८६५ साली असा दिवाणखाना कुणाकडे होता? गोऱ्या अधिकाऱ्यांकडे, काही पारशी घरांत, मोजक्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत. शिवाय चर्च होतं. एवढ्यावर एखादं दुकान उभं राहतं, पण साहेब गेल्यावर त्याला कुलूप लागायला हवं होतं. फोर्टातल्या साहेबी दुकानांचं पुष्कळदा तेच झालं. फुर्टाडोंचं झालं नाही, कारण त्यांच्या दाराशी वाचकांचा एक निराळाच झरा होता. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळा निघाल्या. तिथे धर्मशिक्षणाबरोबर मुलांना स्वर वाचून गायला शिकवत, पुढे व्हायोलिन हातात देत. शिकवणारा तो ‘मेस्त्री’. आपल्याकडे मेस्त्री म्हटलं की सुतारकाम, गवंडीकाम आठवतं, पण शब्द एकच, पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्रे’पासून आलेला. या शाळांमुळे गोव्याच्या खेड्यातल्या अगदी गरीब घरातल्या मुलालाही अनोळखी कागद समोर ठेवला तर तो पाहता पाहता वाजवता यायचा. युरोपात हे कौशल्य मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात होतं, इथे ते पोटापाण्याचं साधन झालं. गोव्यात काम नव्हतं, मुंबईत होतं. लष्कराचे आणि पोलिसांचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटाच्या पडद्यापुढचा वाद्यवृंद, हॉटेलांतला नाच, लग्नं, मयती. बोटीने आलेला मुलगा आपल्या गावच्या कुडात पथारी टाकायचा आणि खाली उतरला की समोर दुकान. गोवेकर वादकाने धोबीतलावला राहावं आणि संगीताचा कागद धोबीतलावला मिळावा, हा योगायोग नव्हे. मासळीबाजाराशेजारी बर्फाचा कारखाना निघतो तसंच हे.

‘आलम आरा’ने १९३१ साली मूकपटाचा वाद्यवृंद पडद्यापुढून उठवला, पण तेच वादक काही वर्षांत पडद्यामागे, स्टुडिओत जाऊन बसले. हिंदी चित्रपटातल्या गाण्याची घडण कशी होत असे, हे इथे थोडं थांबून पाहायला हवं. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा आणि बहुतेकदा ती सरगमीत किंवा नुसतीच डोक्यात असायची. तिथून पुढे काम अरेंजरचं. चाळीस वादक असतील तर चाळिसांनी काय वाजवायचं ते कागदावर उतरवायचं. त्यातही ट्रंपेटसाठी कागदावर लिहिलेला ‘सा’ आणि व्हायोलिनचा ‘सा’ सारखा नसतो. वाद्याच्या घडणीमुळे ट्रंपेटचा कागद एक स्वर वर सरकवून लिहावा लागतो, नाहीतर पहिल्याच मात्रेला गोंधळ. हे काम अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोवेकरांनी केलं. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त १९५१ साली जो नाचरा बाज ऐकू आला, त्यामागे चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे अँतोनियो झेवियर वाझ आणि त्यांचा ट्रंपेट होता. मजोर्ड्याच्या गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूचं नाव गुंफून त्यांनी ते ऋण फेडलं. त्या गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हा अँथनी खराखुरा होता आणि त्याचा पेशा वाचायचा आणि लिहायचा होता! दुकानाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की साहेब गेल्यावरही शहरात कागद वाचून पोट भरणारी माणसं शेकड्याने राहिली, आणि त्यांची मुलंही शिकत राहिली.

इथे एक आक्षेप रास्त आहे. असली दुकानं कागदावर चालतच नाहीत, ती पियानो आणि गिटारवर चालतात आणि कागद केवळ शोभेला ठेवतात, असं कुणी म्हणेल. हे बरंचसं खरं आहे. लंडनचं १८११ सालचं चॅपेल घ्या किंवा चेन्नईचं १८४२ मध्ये मिस्किथ यांच्या नावाने सुरू झालेलं आजचं म्युझी म्युझिकल घ्या, वाद्यविक्रीशिवाय कुणाचीच गाडी पुढे गेलेली नाही. एका पियानोच्या विक्रीतून जे सुटतं, ते कागदातून सुटायला कपाटंच्या कपाटं रिकामी करावी लागतील. पण या हिशेबातून उलटाच निष्कर्ष निघतो. पियानो माणूस आयुष्यात एकदा घेतो. तो दुकानात पुन्हा पाऊल ठेवतो ते पुढच्या पुस्तकासाठी, आणि मग येता येता तारा, रीड, मेट्रोनोम घेऊन जातो. किराणा दुकानदाराला मिठात काही मिळत नाही, म्हणून तो मीठ ठेवायचं सोडत नाही. शिवाय स्वातंत्र्यानंतरच्या काळात परकीय चलनाची टंचाई आणि आयात परवान्यांचा जाच असा होता की परदेशी वाद्य आणणं जिकिरीचं झालं. १९९१ पर्यंत कमीअधिक तीच स्थिती. नवा पियानो दुर्मीळ झालेल्या त्या दशकांत जुना पियानो दुरुस्त होत राहिला आणि त्याच्यावर बसणारं मूल बदलत राहिलं. त्या मुलाला लागणारा कागद हाच दुकान आणि घर यांच्यातला धागा होता.

ते मूल हा या गोष्टीतला तिसरा वाचक. लंडनचं ट्रिनिटी कॉलेज १८७२ साली निघालं, असोसिएटेड बोर्ड १८८९ मध्ये. दोघांनीही संगीताच्या परीक्षांचं जाळं साम्राज्यभर पसरलं आणि साम्राज्य गेलं तरी परीक्षा राहिल्या. आपल्या समाजाची नस या परीक्षांनी अचूक पकडली असं म्हणावं लागेल. मुलीने पियानो वाजवावा यापेक्षा तिने पाचवी ग्रेड चांगल्या गुणांनी काढावी, ही भाषा आईवडिलांना लगेच समजते. दर ग्रेडचं पुस्तक वेगळं आणि काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलला की जुनं पुस्तक बाद. परीक्षेच्या दालनात झेरॉक्स चालत नाही, स्वतःची अधिकृत प्रत लागते. दुकानदाराला याहून भरवशाचं गिऱ्हाईक कुठे मिळणार? संगीताच्या दृष्टीने मात्र हा सौदा तितकासा फायद्याचा नाही. वर्षभर तीन-चार तुकडे घोटायचे, परीक्षा झाली की पुढचे तीन-चार, यात कपाटातला बाकीचा ऐवज न चाळताच मूल मोठं होतं. पूर्वीच्या गोवेकर वादकाला रात्री हॉटेलात कोणता कागद समोर येईल ते ठाऊक नसे, म्हणून तो काहीही वाचू शके. आजच्या परीक्षार्थीला नेमकं काय येणार ते आठ महिने आधी ठाऊक असतं. परीक्षेत अनोळखी कागद वाचण्याचीही चाचणी असते, पण तिच्यासाठीही सरावाचं पुस्तक मिळतंच.

वाचक असले की दुकान टिकतं, तर मग न्यूयॉर्कमध्ये काय झालं, असा प्रश्न कुणी टाकला तर माझ्या म्हणण्याला तो चांगलाच लागतो. जगातले उत्तमोत्तम वाचक त्या शहरात आहेत. कार्नेगी हॉलच्या मागे, बग्ग्या ठेवण्याच्या एका जुन्या इमारतीत पॅटेलसन म्युझिक हाऊस होतं, मैफलीआधी आणि मैफलीनंतर वादक तिथे कपाटं धुंडाळत. ते २००९ साली बंद झालं. १९३७ पासून चालत आलेली फ्रँक म्युझिक कंपनी मार्च २०१५ मध्ये मिटली. केवळ अभिजात संगीताचा कागद विकणारं शहरातलं ते शेवटचं दुकान मानलं जाई. त्याचा साठा एका दात्याने विकत घेऊन लॉस एंजेलिसच्या कोलबर्न संगीतशाळेला दिला. सगळे बोट दाखवतात ते इंटरनेटकडे. २००६ साली आयएमएसएलपी हा संग्रह सुरू झाला आणि कॉपीराइट संपलेलं बाख-बेटोव्हनपासूनचं सारं फुकट उतरवून घेता येऊ लागलं. पण फुकट नक्कल ही नवी गोष्ट नव्हे. गोव्यातले वादक एकमेकांचे कागद रात्र रात्र बसून हाताने उतरवत आणि झेरॉक्स तर चाळीस वर्षं गल्लीगल्लीत आहे. त्याने दुकानं मेली नाहीत. मला वाटतं, इथे वाचकांतच भेद करायला हवा. मुरलेल्या वादकाला काय हवं ते नेमकं माहीत असतं: ओपस, आवृत्ती, प्रकाशक. ज्याला मागायचं काय ते कळतं त्याला काउंटरची गरज उरत नाही, त्याला यंत्रही तेवढंच उपयोगी पडतं. ज्याला ते कळत नाही, त्याला माणूस लागतो. न्यूयॉर्कची दुकानं जाणकारांवर उभी होती, धोबीतलावचं शिकाऊंवर. शिवाय नवी परीक्षापुस्तकं कॉपीराइटमधली असल्यामुळे ती फुकटच्या संग्रहात नसतात. जाणकारांनी पोसलेली दुकानं आधी जावीत आणि अर्धवट शिकलेल्यांनी पोसलेलं राहावं, हे रसिकाला पटणारं नाही, पण झालं तसंच. मॅनहॅटनचं भाडं हेही कारण आहेच. पण भाडं धोबीतलावलाही कुणी माफ केलेलं नाही.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना दुसरीच शंका आली असेल: आपल्याकडे एवढं संगीत, एवढी गायनविद्यालयं, मग आपलं असं दुकान का नाही? ‘आपलं संगीत लिहिताच येत नाही’ हे नेहमीचं उत्तर आहे आणि ते चुकीचं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत आणलं, स्वतःची स्वरलिपी बेतली आणि आपला छापखानाही चालवला. भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत शेकड्यांनी चिजा स्वरलिपीसह नोंदवल्या, त्याही आधी मराठीत. लिहिता आलं, छापता आलं, विकलंही गेलं. पण ती पुस्तकं शालेय पुस्तकांच्या शेजारी, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकासारख्या ठिकाणी मिळत राहिली, त्यांच्यासाठी निराळं कपाट लागलं नाही. कारण त्या कागदाकडून आपली अपेक्षा निराळी आहे. बंदिशीची स्वरलिपी ही आठवणीची खूण आहे. गायक ती समोर ठेवून मैफल करत नाही, आणि दोन गायकांनी एकाच पानावरून तंतोतंत सारखं गायलं तर श्रोते उठून जातील. व्हायोलिनच्या पंक्तीत बसलेल्या दहा जणांनी मात्र तंतोतंत सारखंच वाजवायचं असतं. पलुस्करांचे शिष्य बी. आर. देवधर यांची शाळा गिरगावात ऑपेरा हाऊसला होती, धोबीतलावपासून चालत जाण्याइतकी जवळ, आणि देवधरांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता. तरी दोन्हीकडचे विद्यार्थी एकाच काउंटरवर क्वचितच आले असावेत. आपल्या प्रेक्षकाने गाणं घरी नेलं तेही कागदावरच, पण कशा कागदावर? नाटकाच्या पदांची पुस्तिका आणि सिनेमागृहाबाहेर मिळणारी पातळ कागदाची चोपडी. तीत कथासार असे, नटनट्यांची नावं असत, गाण्याचे शब्द असत. स्वर एकही नाही. चाल कानात घेऊनच माणूस बाहेर पडलेला असे, विसर पडायचा तो शब्दांचा.

म्हणूनच धोबीतलावच्या कपाटांत एक गोष्ट कधी आली नाही, आणि ती न येणं मला तिथल्या साऱ्या साठ्याइतकंच बोलकं वाटतं. अशा दुकानांत छापील संगीताबरोबर कोरा कागदही मिळतो, पाच पाच रेघा आखलेला, स्वर भरायला मोकळा. मुंबईत सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं वाद्यवृंदाचं संगीत असल्याच आखीव कागदांवर पेन्सिलीने, घाईने, बहुधा ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री लिहिलं गेलं. व्हिएन्नात किंवा मिलानमध्ये ते छापून बाजारात आलं असतं. मिलानच्या रिकोर्डींनी १८०८ पासून नाटकगृहांतली हस्तलिखितं जपून आणि भाड्याने देऊनच आपलं साम्राज्य उभारलं. मुंबईत गाणं रेकॉर्ड झालं की त्या कागदाचं काम संपलं. निर्मात्याला रेकॉर्ड हवी होती, संगीतकाराला चाल पाठ होती, अरेंजरचं नाव पडद्यावर आलं तर आलं. शिवाय छापलं असतं तरी विकत घेणार कोण? ते वाचू शकणारे चाळीस जण त्या दिवशी स्टुडिओतच हजर होते. कागद स्टुडिओच्या कोपऱ्यात साचले आणि पुष्कळसे रद्दीत गेले. आज ती जुनी गाणी पूर्ण वाद्यवृंदासह मंचावर सादर करायची तर आयोजक ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकायला कुणालातरी बसवतात. तो कानाला हेडफोन लावतो, दुसऱ्या व्हायोलिनची ओळ सतारीखाली दबली असेल तर मागे जाऊन पुन्हा ऐकतो, आणि समोरच्या कोऱ्या पाच रेघांवर एकेक ठिपका भरत जातो.